चरबी सोडून

"बुडाशी अजून हाये, खरवडून घे," म्हणत आनंदाबाईने मटणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, शकुनबाईपुढे सरकवला आणि स्वतः भिंतीला टेकून बसली.

ब्याऐंशी सालची मंडई होती. दिवाळी आटोपली की साकोलीकडच्या गावागावांत मंडई भरते, रात्री दंडारीचं नाटक होतं, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या प्रत्येक घरात पाहुणे उतरतात. एकोडीत भय्याजी आणि केवळराम या दोघा भावांचं घर एकत्र होतं. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्याकडे पंगतीवर पंगत उठली होती. मटण रांधलं होतं शकुनबाईने, म्हणजे केवळरामच्या बायकोने. वाढलं होतं आनंदाबाईने, म्हणजे थोरल्या जावेने. आता ऊन उतरायला लागलं होतं आणि जेवायच्या राहिल्या होत्या त्या दोघी आणि शकुनबाईची सून उषा.

गंजात बरगडीची हाडं होती, चरबीचे मऊ पांढरे गोळे होते आणि रस्सा संपत आला तशी बुडाशी उतरलेली घट्ट लाल तर्री. शकुनबाईने गंजातच भात टाकला, हाताने फिरवून कालवला आणि तिघींच्या ताटांत वाढला. नेहमीचंच होतं ते. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने मटण असंच खाल्लं होतं. चव वाईट नसायची. उलट सगळा मसाला बुडाशीच असतो, असं तिची सासू सांगायची आणि तिला ते खरं वाटायचं.

जेवण झालं. गंज घासायला घरामागच्या बाडीत न्यावा म्हणून ती उठली. दाराच्या उंबऱ्यापाशी तिच्या छातीत कुणीतरी दोरखंड बांधून आवळावा तसं झालं. डावा हात खांद्यापासून जड झाला. गंज हातातून सुटला आणि ती उंबऱ्यावरच बसली. कपाळावर घाम फुटला.

आनंदाबाईने आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग सपरीत, ओसरीवर, जाऊन पुरुषांना सांगितलं. केवळराम नुसताच उभा राहिला. त्याला काही सुचेना. बैल जुंपले ते भय्याजींनी. पाहुण्यांना तसंच सोडून त्यांनी बंडी हाकली, साकोलीपर्यंत बैलांना दम खाऊ दिला नाही, आणि तिथून हमरस्त्यावर एक ट्रक थांबवून भावजयीला भंडाऱ्याला पोचवलं. पुढे जे काही झालं, त्यात हे विसरता येत नाही. शकुनबाई स्वतःही ते कधी विसरली नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला आठवडाभर ठेवून घेतलं. छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली, रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. सोडायच्या दिवशी त्यांनी केवळरामला आणि तिला समोर बसवलं.

"रक्तात चरबी फार आहे. कोलेस्टेरॉल म्हणतात त्याला. हृदयाच्या नळ्या त्याने अरुंद होतात. दुखायला लागलं की ही गोळी जिभेखाली ठेवायची. आता सांगा, जेवणात काय असतं?"

"भात," शकुनबाई म्हणाली. "लाखोळीची डाळ. भाजी. आन मटन, मासोळी, जवा आणलं तवा."

"मटणातलं काय खाता?"

हा प्रश्न तिला कळलाच नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलाकडे पाहत होता.

"जे उरते ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हाडं. चरबी. बुडातली तर्री."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "ते सगळं बंद. तर्री नाही, चरबी नाही, कलेजी-भेजा नाही, अंड्यातलं पिवळं नाही, डालडा नाही."

"मंग मटन बंदच म्हणा ना साहेब," केवळराम म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"मटण बंद असं मी म्हटलं नाही. मांडीचं मांस घ्या, वरची चरबी कापून टाका. कोंबडी असेल तर चामडी काढून. मासे तर खुशाल खा. एका वेळी तळहाताएवढं, उकडून, तेल अगदी नावाला. असं खाल्लं तर रोजही चालेल. शिवाय चालत जा, रोज."

एसटीत खिडकीपाशी बसून शकुनबाई कापलेल्या धानाच्या बांध्या बघत होती. भंडारा मागे पडलं. ती नवऱ्याला म्हणाली, "मांडीचं मांस म्हणे."

"हाव."

"मांडीचं तं भाऊजींच्या ताटात जाते. आन पाहुण्यायच्या. मंग तुमच्या."

केवळरामने खिशातून तंबाखू काढली आणि मळत बसला. चांगला माणूस होता तो. बायकोवर त्याने कधी हात उचलला नव्हता, आणि थोरल्या भावापुढे कधी तोंडही.

घरी आल्यावर भय्याजींनी सगळं ऐकून घेतलं. ते बाजेवर बसले होते, शकुनबाई माजघराच्या दाराआड पदर घेऊन उभी होती. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती थेट बोलत नसे. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर ते नवऱ्यामार्फत किंवा जावेमार्फत.

"मंग काय, सोडून दे म्हणा मटन," भय्याजी भावाला म्हणाले. "कार्तिक लागला हाये. माळ घालून घेऊ दे. वय झालंच आता. लोक तं चांगले असून सोडते."

"डॉक्टर तसा नाही म्हणाला, दादा."

"डॉक्टर काहीही म्हणन. चरबी काढा, चामडी काढा, हे सोंग कोण करत बसन? जीव मोठा का मटन मोठं?"

बायकांनीही तेच म्हटलं. शेजारची निर्मलाबाई तर तुळशीच्या माळेसाठी मणी घेऊन आली. शकुनबाईचं जिकडेतिकडे कौतुक सुरू झालं, तिने अजून काही सोडलं नसताना. मणी निर्मलाबाईच्या हातात तसेच परत देत ती म्हणाली, "मले सोडाचं नाही."

"काहून वो? जिभेसाठी जीव देतं काय?"

"जीव कायले देऊ. चरबी सोडतो मी. मटन नाही सोडत."

निर्मलाबाईला वाटलं, दुखण्याने डोकं फिरलं असेल.

शकुनबाईलाही आपण असं का म्हणालो, हे त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं. लाखांदूरकडच्या तिच्या माहेरी बाप बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, मासोळी आणायचा आणि पोरींना जवळ बसवून काटे काढून द्यायचा. पण ते फार जुनं झालं होतं आणि त्याची आठवण काढून रडण्यातली ती नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की आतापर्यंत तिच्या वाट्याला जे आलं त्यानेच ती आजारी पडली, आणि आता जे तिला चालणार होतं ते तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. अशा वेळी सगळे तिला म्हणत होते की तू खाणंच सोड. हे तिच्या मनाला पटेना.

महिनाभर तिने डाळभात खाल्ला, रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून चालून आली. मग एका रविवारी गावात बकरा पडला. वाटे झाले, तसा घरचा वाटा आला. शकुनबाईने मटण धुवायला घेतलं आणि धुता धुता मांडीचे चार तुकडे वेगळे काढले. विळीवर त्यांची चरबी कापून टाकली, लहान भांड्यात आलं-लसूण-हळद घालून ते चुलीच्या मागच्या बाजूला शिजत ठेवले. शिजल्यावर भांडं उतरवून थंडीत उघडं ठेवलं. वर पांढरा पापुद्रा धरला, तो तिने पळीने अलगद उचलून फेकला. खाली रस्सा राहिला, पातळ, पिवळसर.

आनंदाबाई पाणी घेऊन आली तेव्हा तिची नजर भांड्यावर गेली.

"हे कोणाचं?"

"माहं."

आनंदाबाई वाईट नव्हती. पण या घरातली पळी तिच्या हातात होती. कुणाच्या ताटात काय पडलं यावरून पुरुष तिला नावं ठेवायचे किंवा चांगलं म्हणायचे. तिने ते भांडं उचललं आणि मोठ्या गंजात उपडं केलं.

"आधी त्यायचं होऊ दे," ती म्हणाली. "मंग राह्यलं तं घे."

त्या दिवशी अर्थातच काही राहिलं नाही. शकुनबाईने मिरचीच्या ठेच्याशी भात खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या कोंबड्यांपैकी एक केवळरामकडून कापून घेतली. कोंबड्या तिच्या होत्या, त्यावर कुणाला बोलता येईना. तरी बोलणं झालंच. त्या भागात कोंबडी कातडीसकट भाजतात. ती खरपूस कातडी खायला पोरं टपून असतात. शकुनबाईने सगळी कातडी सोलून कुत्र्यापुढे टाकली. गावात दोन दिवस तोच विषय होता. पारावरून जाताना कुणीतरी केवळरामला विचारलं, "काय गा, तुमच्याकडे कोंबडी उघडी करून खाऊन राहिले म्हणते?" केवळराम घरी येऊन जेवला नाही.

"लोकं हासून राहिले," तो म्हणाला.

"हासू द्या. मेले असते तं रडले असते, त्यापेक्षा हासलेलं बरं."

"थोडं दबून राह्य ना. दादानं तुह्या जिवासाठी बैल मरेस्तोर पळवले."

"मले ठाऊक हाये. त्यायचे पाय धुवाले लावाल तं धुतो. पण जो जीव वाचवला तो आता मीच सांभाळीन ना. का त्यायले विचारून सांभाळू?"

केवळराम पांघरूण घेऊन कूस बदलून झोपला.

उन्हाळ्यात व्याही आले. उषाचे वडील श्रावणजी, त्यांचे भाऊ आणि आणखी दोघंतिघं. शकुनबाईचा मुलगा जागेश्वर साकोलीच्या सोसायटीत कारकून होता; सासरचे लोक येणार म्हणून तो सुट्टी काढून आला होता. भय्याजींनी चांगला मोठा वाटा आणवला. सकाळपासून पाट्यावर मसाला वाटला जात होता. सपरीत बसायला पट्ट्या अंथरल्या, पाणी ठेवलं, पुरुष बसले. आनंदाबाई गंज घेऊन आली आणि थोरल्या व्याह्यापासून वाढायला तिने सुरुवात केली.

शकुनबाई न्हाणीपाशी गेली. हात धुतले. पदर नीट खोचला. स्वयंपाकघरातून एक ताट घेतलं आणि सपरीत येऊन पंगतीच्या शेवटी, केवळरामच्या शेजारी, उरलेल्या वीतभर पट्टीवर बसली.

सगळ्यांना आधी वाटलं, काही उचलायला वाकली असेल. मग ती उठत नाही असं दिसल्यावर बोलणी थांबली.

"आई," जागेश्वर हळू आवाजात म्हणाला, "हे काय लावलं? उठ."

शकुनबाई त्याच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं करून जावेला म्हणाली, "बाई, मलेही वाढा. चरबीचं नोको. मांडीचे दोन तुकडे द्या, रस्सा वरचा नोको."

आनंदाबाई पळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

भय्याजींनी आवाज चढवला नाही. "केवळ," ते धाकट्या भावाला म्हणाले, "पाहुण्यायसमोर शोभते काय हे? तिले आत जाऊन बसाले सांग."

आणि इथे शकुनबाईने ते केलं जे तिने कधी केलं नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर तसाच ठेवून भासऱ्याकडे सरळ पाहिलं.

"त्यायले काहून सांगता भाऊजी, मलेच सांगा. मी सगळ्यायच्या मागून बसले तं गंजात काय राह्यते? चरबी राह्यते. ती मले बंद हाये. मी आधी बसले तरच मले चालते ते भेटन. दुसरा रस्ता असन तं तुमी सांगा."

"सोडून दे, हा रस्ता हाये."

"तो मले नाही पाह्यजे."

श्रावणजी व्याही ताटातल्या मिठाकडे बघत राहिले. दाराशी उषा उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. बाप समोर आणि सासू पंगतीत, कुणाकडे बघावं ते तिला कळत नव्हतं.

केवळरामने वर पाहिलं नाही. पण बसल्या जागी तो थोडा सरकला. पट्टीवर बायकोपुरती जागा झाली.

ते भय्याजींनी पाहिलं. त्यांनी ताटाला हात जोडले आणि ते उठले. भरल्या ताटावरून. चप्पल घालून ते बाहेर पडले आणि बैलांच्या गोठ्याकडे गेले.

आता कुणी वाढणार नाही हे शकुनबाईला कळलं. ती उठली, जावेजवळ गेली आणि तिच्या हातातली पळी घेतली. ओढावी लागली नाही. आनंदाबाईची बोटं आधीच सैल झाली होती. शकुनबाईने गंजात पळी फिरवून तर्री बाजूला सारली, खालचे दोन तुकडे बघून काढले, रस्सा निथळू दिला आणि ताटात घेऊन आपल्या जागी येऊन बसली. सगळे बघत असताना तिने ते खाल्ले. तिने घाई केली नाही. मांडीचं मांस लगेच सुटत नाही, चावावं लागतं. ते तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

त्या जेवणाने घर मोडलं. धानाची रोवणी संपेपर्यंत भय्याजी भावाशी कामापुरतं बोलले आणि पोळ्याच्या आधी त्यांनी सांगितलं, चुली वेगळ्या करू. शेती एकत्रच राहिली, बैल एकत्रच राहिले, पण अंगणाच्या दुसऱ्या बाजूला छपरी घालून शकुनबाईने नवी चूल मांडली. केवळराम कित्येक दिवस त्या चुलीवरचं अन्न परक्या घरी जेवल्यासारखा जेवत होता. जागेश्वर महिनोन्महिने गावी आला नाही. उषा मात्र सासूपाशीच राहिली.

"मटनासाठी घर फोडलं" हे शकुनबाईच्या नावाला चिकटलं. विहिरीवर, भजनात, लग्नाच्या मांडवात बायका तिच्यामागे हेच कुजबुजायच्या. एकदा निर्मलाबाईने समजुतीच्या सुरात म्हटलं, "तसं नसन ना वो तुह्या मनात. मटनासाठी कोणी घर फोडते काय? दुसरं काही असन."

तिला सुटायला वाट करून दिली होती. पण शकुनबाई म्हणाली, "दुसरं काही नाही. मटनासाठीच."

वर्षं गेली. ती जगली. छातीतली कळ अधूनमधून यायची, गोळी जिभेखाली ठेवली की जायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासून घेतलं आणि असंच चालू द्या म्हणाले. तिचा स्वयंपाक गावात चेष्टेचा विषय होता आणि ती तसाच करत राहिली: ढिवराकडून ताजी मासोळी घेऊन चिंचेच्या पाण्यात शिजवायची, मटण असलं तर चरबी कापून, तव्यावर तेलाचं बोट फिरवून. केवळरामसाठी ती वेगळी तर्री करायला तयार होती. पहिल्या वर्षी त्याने करून घेतली. नंतर म्हणाला, "दोन भांडी कायले घासतं, तुह्यातलंच दे." जागेश्वरही यायला लागला.

एका हिवाळ्यात, पुरुष धान मळायच्या, चुरणीच्या कामाला खळ्यावर असताना, आनंदाबाई अंगण ओलांडून आली. विरजण मागायला आली होती. विरजण घेऊनही ती गेली नाही. चुलीपाशी टेकली. तिला धाप लागली होती आणि ती डाव्या हाताचं कोपर उजव्या हाताने दाबत होती.

शकुनबाई ते बघत राहिली.

"बाई, दुखते काय?"

"वात होय. थंडी पडली ना."

"छातीत आवळते काय?"

"काही नाही म्हटलं ना वो."

"भंडाऱ्याले चला माह्यासंगं. उद्याच."

"मले काय झालं," आनंदाबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

शकुनबाईने पुढे काही न विचारता ताट घेतलं. त्या दिवशी कोंबडी होती. पातळ रश्शातले दोन तुकडे तिने ताटात घातले, गरम भात वाढला आणि जावेपुढे ठेवला. आनंदाबाई ताटाकडे बघत राहिली. पुरुष अजून जेवले नव्हते. सूर्य डोक्यावर होता.

"एवढ्या लवकर?" ती म्हणाली.

"खा."

तिने खाल्लं. आधी चाचपडत, मग नीट. हाडापासून मांस सोडवून, बोटं चाटून. "तुह्या रश्शाले चव नाही," ती म्हणाली आणि ताट पुसून खाल्लं.

संध्याकाळी शकुनबाई थोरल्या घरी गेली. भय्याजी बाजेवर होते. पंगतीच्या दिवसानंतर ती त्यांच्याशी बोलली नव्हती. "भाऊजी," ती म्हणाली, "बाईले छातीत दुखते. मले झालं तसंच हाये. भंडाऱ्याले न्या."

भय्याजींनी घराच्या आत हाक मारली. "काहून वो, तुले छातीत दुखते काय?"

आनंदाबाई दारात आली. तिने जावेकडे पाहिलं नाही. "नाही जी," ती म्हणाली. "मी बरी हावो."

भय्याजींनी शकुनबाईकडे पाहिलं. त्या बघण्यात सगळं होतं: घर फोडलंस, आता चांगल्या माणसालाही आजारी पाडतेस.

शकुनबाई त्या वेळी परत आली, पण गप्प बसली नाही. तिने केवळरामला पाठवलं, जागेश्वरला पाठवलं. प्रत्येक वेळी तेच घडलं. भय्याजी बायकोला विचारायचे आणि बायको नाही म्हणायची. एक गोष्ट मात्र सुरू राहिली. आठवड्यातून एखाद्या वेळी, खळ्यावरची माणसं यायच्या आधी, आनंदाबाई काहीतरी मागायच्या निमित्ताने अंगण ओलांडायची आणि जेवून जायची. आपल्या घरी ती शेवटपर्यंत नवऱ्याच्या मागूनच बसली.

चैत्रात मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती गेली. पहाटे वेचलेली फुलं अंगणात पसरत होती. पसरता पसरता बसली आणि आडवी झाली. शकुनबाई धावत पोचली तेव्हा तिच्या मुठीत फुलं होती. या वेळी बैल जुंपायला वेळ मिळाला नाही.

भय्याजींना मुलगा नव्हता. मुली लांब दिलेल्या. तेरवी करून त्या आपापल्या घरी गेल्या. त्यांच्या चुलीपुढे बसणारं आता कुणी नव्हतं. म्हणून ते दोन्ही वेळा शकुनबाईकडे जेवायला येऊ लागले. कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलं नाही. पहिले काही दिवस केवळरामच ताट त्यांच्या बाजेपाशी नेऊन ठेवायचा.

उन्हाळ्याच्या शेवटी तलाव आटला, मासोळी पडली. जाळी लावून गावाने मासे काढले आणि शकुनबाईच्या घरी मोठी मरळ आली. सकाळीच निर्मलाबाई डोकावून म्हणाली, "जाऊ जाऊन दोन महिने नाही झाले न् तुह्या घरी मासोळी शिजते काय?"

"शिजते," शकुनबाई म्हणाली.

तिने मासोळी रांधली. पट्टी अंथरली. भय्याजी आज स्वतःच छपरीत आले आणि भिंतीकडेच्या टोकाला बसले. केवळराम बसला. शकुनबाईने चार ताटं मांडली. सगळ्यांना वाढलं, उषाला खुणेने बसायला सांगितलं आणि स्वतः भासऱ्यासमोरच्या बाजूला ताट घेऊन बसली.

भय्याजींनी भात कालवला, पण घास घेतला नाही. ते बोटांनी भात गोळा करत राहिले. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "तिले दुखत होतं."

केवळरामने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"तू सांगतलं होतं मले," ते म्हणाले. शकुनबाईशी ते आजपर्यंत इतकं सरळ बोलले नव्हते.

केवळरामने बायकोकडे पाहिलं. काहीतरी मऊ बोल, असं त्याच्या डोळ्यांत होतं. तिची वेळच आली होती म्हण, दुखणं कुणाला कळतं म्हण, असं काहीही.

"हाव जी," शकुनबाई म्हणाली. "सांगतलं होतं. दोनदोनदा सांगतलं होतं."

भय्याजींनी मान हलवली. त्यांचा हात ताटात तसाच राहिला. छपरीत ऊन आलं होतं आणि उषा मान खाली घालून हळूहळू जेवत होती. शकुनबाईच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं. तिने ते डाव्या मनगटाने पुसलं, उजव्या हाताने मासोळीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, आणि घास घेतला.